बराबर चार दिन

"चार दिन. बराबर चार दिन, डॉक्टरसाब," पडद्यापलीकडून देवराव म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

प्रश्न कांताला होता. निदान विचारताना बाईंचं तोंड तिच्याकडे होतं. महीना कितने दिन चलता है? कांता स्टुलावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, आणि उत्तर घशापर्यंत आलं होतं. पण आधी तिचे डोळे खाली गेले. डोळे खाली गेले की आवाजही खाली जातो, ही तिची लहानपणापासूनची गत. तेवढ्यात नवऱ्याने उत्तर देऊन टाकलं. आणि किती ठणठणीत आवाजात! दुर्गच्या फलाटावर कोणी विचारावं पॅसेंजर किती वाजता, आणि याने घड्याळ न बघता सांगावं, तसं. कांताला वाटलं, उठावं आणि हा हिरवा पडदा दांडीसकट ओढून खाली पाडावा. हा माणूस रोज तिच्या हातचा डबा घेऊन भिलाईच्या पोलाद प्लांटच्या यार्डात जातो, दिवसभर वॅगनी इकडच्या तिकडे लावतो, आणि तिच्या पोटात काय चाललंय ते तिच्याआधी सांगतो. बाईंनी तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली, नखं पाहिली. 'खून कम है, बहुत कम,' हे त्या म्हणाल्या ते पडद्याकडे बघून. पडदा म्हणाला, 'जी.' 'खाना ठीक से नहीं खाती होगी.' पडदा म्हणाला, 'माँ भी यही बोलती है.' हरी भाजी, गूळ, टॉनिकची बाटली, लोहाच्या गोळ्या, सगळं पडद्याला समजावून झालं. पोटाला कोणी हात लावला नाही. नळावर पाणी भरताना काल ती हंड्यासकट कोसळली होती, कपाळावर अजून टेंगूळ होतं, आणि ते पाहून बाई एवढंच म्हणाल्या की यांना उन्हात पाठवू नका. पौष महिना चालू होता. ऊन कुठलं?

आता ती व्हरांड्यातल्या बाकावर होती आणि देवराव औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत. बाकावर सगळ्या देशाच्या बाया. शेजारी एक मद्रासी, पलीकडे एक पंजाबी, खाली फरशीवर मजुरांच्या कॅम्पातली एक छत्तीसगडी बाई मुलाला पाजत होती. सगळ्यांच्या साड्यांवर तोच तांबूस थर. या गावात काही पांढरं राहत नाही, भट्टीची धूळ सगळ्यांना एका रंगात आणते. या धुळीचे आपल्यावर उपकार आहेत, असं कांताला वाटलं आणि त्या वाटण्याचाही राग आला. वाळत घातलेल्या लुगड्याखाली ती आपली फडकी लपवून वाळवायची, आणि कोणी पाहिलंच तर रंगाचं कारण घरोघर आयतं तयार होतं. चार दिवस. कुठून आणले याने चार दिवस? त्याचं तरी काय चुकलं म्हणा, त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्याने सांगितलं. महिन्यातून चार दिवस क्वार्टरच्या मागच्या अंगणात, कोळशाच्या ढिगाजवळ, सिमेंटचं रिकामं पोतं अंथरलेलं असतं आणि त्यावर बायको बसलेली असते. तिला ताट दुरून सरकवलं जातं. पाचव्या दिवशी पोतं गुंडाळून कोनाड्यात जातं, बायको चुलीपाशी येते, आणि जग पुन्हा जागच्या जागी. पोतं उचललं म्हणजे रक्त थांबलं. याच हिशोबावर याची आई जगली, याचा बाप भाऊराव दुर्गला बी.एन.आर. रेल्वेच्या काळात रुळांचे काटे बदलत जगला, आणि हाच हिशोब आज त्याने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनाही तो पटला. अंगणातलं पोतं त्यांच्या स्वप्नातही नसेल, पण आकडा पुस्तकातल्यासारखा होता ना, मग झालं. वॅगनच्या ब्रेकच्या पाइपातून नुसती हवा सुटली तरी हा सगळी गाडी थांबवतो. आंधळा असता तर एक वेळ माफ केलं असतं.

आणि ती स्वतः? तिला आपलाही राग आला, पण तो राग टिकेना. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चौथ्या दिवशी ती न्हाली, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि पायांवरून लाल ओघळ तसाच उतरताना तिने पाहिला. एक दिवस वाट पाहिली. आणखी एक. सासू, अंजनाबाई, सत्तरीची, दोन्ही गुडघे सुजलेले, रोज पहाटे उठून मुलाचा डबा करत होती, नळावरून पाणी आणत होती, आणि प्रत्येक खेपेला अंगणाच्या दाराशी थांबून विचारत होती, "आटोपलं का वो तुहं? माहे गुडघे गेले पानी भरू भरू." त्यात लेकीला, मीनलला, ताप. देवरावची पहिली पाळी, म्हणजे भोंगा व्हायच्या आत पोळ्या तयार पाहिजेत. "आटोपलं का नाई अजून? एवढं काय असते मंग?" एवढं काय असतं, हे सांगायला कांताकडे शब्द होते कुठे? बाहेर बसली, दूर बसली, कावळा शिवला, अडचण आली. आपल्या भाषेत शिवणाऱ्या कावळ्यासाठी शब्द आहे, पण शिवून गेल्यावरही जे थांबत नाही त्याला शब्द नाही. शब्द नाही म्हणजे ती गोष्टच नाही. म्हणून ती म्हणाली, "आटोपलं, आत्याबाई." पोतं गुंडाळलं, घडी करून फडकं बांधलं, आणि चुलीपुढे बसली. पहिली पोळी तव्यावर टाकताना तिला खरंच वाटलं की तवा तडकेल.

तवा तडकला नाही. तिथूनच तिच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं, ते आजपर्यंत थांबलेलं नाही. लोणच्याच्या बरणीला तिने हात लावला. आठ दिवसांनी झाकण उघडून पाहिलं, लोणचं होतं तसं. तुळशीला पाणी घातलं, तुळस उलट फुटली. देवांना आंघोळ घातली. देव आपले पितळेचे, गप्प. महिना गेला, पुन्हा चार दिवस पोतं, पुन्हा आटोपलं, आणि पोत्यावर बसण्याचे दिवस व चुलीपुढे बसण्याचे दिवस यात शरीराला काही फरक कळेना, कारण कोरडे दिवस महिन्यात मोजकेच उरले होते. मग भाद्रपद आला. भिलाईतली सगळी नागपूरकडची माणसं महालक्ष्म्यांना देवरावच्या क्वार्टरात जेवायला, कारण मुखवटे अंजनाबाईंकडे. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे. एकटी कांता, दोन दिवस, ओल्या लुगड्याने सोवळ्यात, आणि त्या ओल्या लुगड्याखाली दुसरं ओलं. पुरणाचा हात फिरवताना डोळ्यांपुढे अंधार येत होता. ती भिंतीला धरून उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा हात फिरवला. पंगत उठली तेव्हा यार्डातले हेडशंटर कृष्णराव बाहेरून ओरडून म्हणाले, "वैनी, असं पुरन आमच्या आजीच्या हातचं खाल्लं होतं, मंग आजच!" अंजनाबाईंनी सुनेची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत तडतडल्या. कांता घुम्यासारखी उभी होती आणि तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. कोणाच्या पोटात दुखलं नाही. कोणाचं घर बसलं नाही. मुखवट्यांच्या ओठांवरचं हसूही हललं नाही. मग मी तेराव्या वर्षापासून पोत्यावर कोणाच्या बापासाठी बसले होते? हा प्रश्न तिला पडला तो पडलाच. ती घाबरून प्रायश्चित्त मागायला निघाली असती तर बरं झालं असतं, निदान झोप लागली असती. पण ती संतापली. आणि संतापलेल्या बाईला, जिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही, तिला तो संताप पेलतही नाही. दोन हंडे उचलले की धाप लागते. या वर्षीच्या महालक्ष्म्याही तिनेच जेवू घातल्या. तेव्हा तर भीतीही वाटली नाही.

खिडकीपुढची रांग हलत नव्हती. कंपाउंडर कोणाशी तरी भांडत होता. देवरावने मागे वळून, अजून बसलीच आहे ना, हे पाहून घेतलं. कांताने तोंड फिरवलं. समोरच्या भिंतीवर तेच चित्र होतं, जे मागे गुरुवारी महिला मंडळात आणलं होतं. सेक्टरच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या, आरोग्यवाल्या बहनजी आल्या होत्या, आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीला हे चित्र टांगलं. एका बाईचं पोट. कंबरेपासून मांडीपर्यंत चिरून उघडं केलेलं, आत गुलाबी पिशवी, दोन्हीकडे शिंगांसारख्या नळ्या, आणि बारीक इंग्रजी अक्षरं, जी त्या हॉलमध्ये कोणालाच वाचता येत नव्हती. वर गळ्यापाशी चित्र संपत होतं. बाईला डोकं नव्हतं. पायही नव्हते. बहनजी स्वेटर विणायच्या सुईने एकेक जागा दाखवत होत्या आणि बाया पदरात तोंड घालून खुसखुसत होत्या. पुढच्या रांगेतली एक बंगालीण उठून गेली. 'शरमाने की क्या बात है? डॉक्टर से कुछ छुपाना नहीं, सब बताना,' बहनजी म्हणाल्या. कांताला तेव्हा इतकं कडू आलं होतं तोंडात! सांगायचं? हिने सांगायचं, जिच्या खांद्यावर डोकंच काढलेलं नाही? कोणत्या तोंडाने सांगेल ही? बहनजींची सुई पिशवीवर टेकली तेव्हा कांताचा हात नकळत आपल्या पोटावर गेला, बेंबीच्या खाली, जिथे हल्ली निजल्यावर काहीतरी कडक लागायचं. नारळाच्या वाटीसारखं. ते चित्रात नव्हतं. तिला विचारायचं होतं की असं काही लागलं तर ते काय. पण शेजारी बसलेली ठकूबाई सेक्टरभर बातम्या पोहोचवणारी, आणि ती घरी जाऊन अंजनाबाईंशी सुपारी कातरणार होती. शेवटी सगळ्यांना एकेक केळं मिळालं आणि सभा संपली.

केळं तिने मीनलला दिलं. तिला हल्ली असलं काही खावंसंच वाटत नव्हतं, कोरडे तांदूळ मात्र मूठ मूठ खावेसे वाटायचे, आणि चुलीला पोतेरं घालताना ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. एकदा तिने चुलीचा टवका काढून तोंडात टाकला आणि दाताखाली तो कुरकुरल्याबरोबर तिला आई आठवली. आई म्हणजे गोंदियाच्या रेल्वे चाळीतली आई. आई माती खायची. कांता सात-आठ वर्षांची असताना तिने पाहिलं होतं, आई चुलीमागे बसून, मांजर दूध प्यावं तशी चोरून, माती खात होती, आणि पोरीने पाहिल्यावर ओशाळून म्हणाली होती, 'बापूले नको सांगू हो.' आई चार दिवस दूर बसायची. बराबर चार दिवस. पाचव्या दिवशी घरात. पण पहाटे अंधारात, कोणी उठायच्या आधी, मोरीत पाण्याचा आवाज रोज यायचा. महिन्याचे तीसही दिवस. कांता गोधडीतून ऐकायची, आणि सकाळी मोरीच्या नालीत राख टाकलेली असायची. आई राख का टाकते, हे तिने कधी विचारलं नाही. मग आई पांढरी होत गेली, ओठ कणकेसारखे झाले, जिना चढताना तीनदा बसू लागली. लोक म्हणाले पंडुरोग. कोणी म्हणालं नजर. बापू दवाखान्यात घेऊन गेले, रेल्वेच्या डॉक्टरने बापूंना विचारलं आणि बापूंनी सांगितलं. काय सांगितलं असेल? बापूंनी तेच सांगितलं असणार. तोच आकडा. आई टॉनिकची बाटली संपायच्या आत गेली. हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू भरून तिला नेलं आणि बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची होती. भाग्याची! पन्नास बायांनी तिच्या पाया पडून घेतलं, आणि त्यातल्या एकीलाही तिच्या मोरीतली राख माहीत नव्हती. का माहीत होती? पन्नासातल्या किती जणींच्या मोरीत राख होती? हे तिला आज, इथे, डॉक्टरीणबाईंच्या व्हरांड्यात सुचत होतं, इतक्या वर्षांनी. आई खोटं बोलत होती. आई तिच्यासारखीच 'आटोपलं' म्हणत होती आणि स्वयंपाकघरात जात होती, तिला जेवू घालत होती, आणि मरत होती. तिला आईची दया आली नाही. तिला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. मला तरी सांगायचंस, बये. मी तुझी पोर होते, मोरीला कान लावून पडलेली. मला फडकं कसं घडी करायचं ते शिकवलंस, कुठे वाळवायचं ते शिकवलंस, कोणाला शिवायचं नाही ते शिकवलंस, आणि हे एवढंच ठेवून गेलीस.

आणि आज सकाळी. सकाळची गोष्ट ती मुद्दाम डोक्यात येऊ देत नव्हती, पण आता ती आलीच. निघायच्या वेळी अंजनाबाई अंगणात काहीतरी झटकत होत्या, सिमेंटची करडी भुकटी हवेत उडत होती, आणि कांता खोकत म्हणाली, आत्याबाई, कायले करता हे, मी आल्यावर करीन ना. तर त्या म्हणाल्या, "तुहं नाई वो हे. मीनलचं होय. बारावं लागलं तिले, आता काय, आज ना उद्या. देवरावच्या संगतीतल्या बळीरामनं आनून देल्लं, कोरं पोतं हाय, धुऊन ठेवतो. तिले एक राहीन अन् तुले एक." म्हातारीच्या आवाजात किती प्रेम होतं! नातीसाठी झबलं शिवावं तसं तिने ते पोतं हातावर घेऊन थोपटलं, मग बादलीत बुचकळून, पिळून दोरीवर वाळत घातलं. मीनल तिथेच पायरीवर बसून पाटीवर हिंदीतले हिशोब करत होती, घरातच काय ती मराठी बोलायची. तिने वर पाहिलं, 'हे काय हाय, आजी?' आजी म्हणाली, 'तुहं आसन.' मीनल हसली आणि पुन्हा हिशोबात बुडाली. दोरीवर दोन पोती शेजारी शेजारी, तिचं आणि लेकीचं, वाऱ्याने हलत. कांता देवरावच्या मागे सायकलवर बसली आणि कोपरा वळेपर्यंत ती दोन पोती तिला दिसत राहिली.

"चाल, मिळालं," देवराव समोर उभा होता. एका हातात लाल बाटली, दुसऱ्या हातात गोळ्यांची पुडी, चेहरा ड्यूटी सुटल्यासारखा मोकळा. "पाह्यलं? काई नाई निघालं. उगाच जीव खाऊन राहिली होती. कंपाउंडर म्हणे, दोन चमचे सकाळी, दोन सांजीले. मी आईले सांगून ठेवतो, ते देईन तुले बराबर." आई देईल. बाटलीसुद्धा हिच्या हातात यायची नव्हती. कांताने ती बाटली पाहिली. वरचं चित्र एका गुबगुबीत, हसऱ्या बाईचं होतं. गंमत म्हणजे तिला डोकं होतं. टॉनिक विकायचं असलं की बाईला डोकं काढतात. "काय पाह्यतं? चाल ना. मले दुसऱ्या पाळीले जायचं हाय." कांता उठली. उठताना नेहमीसारखं डोळ्यांपुढे काळं आलं, तिने बाकाची पाठ धरली, काळं ओसरू दिलं. मग ती वळली आणि जिथून आली होती त्या दाराकडे चालू लागली. "अवो? तिकडं कुठं?" दारातल्या आयाने आडवा हात धरला, 'नंबर हो गया तुम्हारा, बाई.' "हो गया तो हो गया," कांता म्हणाली आणि आयाचा हात बाजूला सारला. आत दुसरी बाई स्टुलावर होती, तिचा नवरा पडद्यापलीकडे उभा होता आणि बोलत होता. सगळीकडे पडदेच बोलत होते.

"मेरा गलत लिखा," कांता म्हणाली. तिची हिंदी भाजीवाल्यापुरती होती, पण आवाज तिच्या स्वतःच्याच कानाला अनोळखी लागला, कुठल्या तरी दुसऱ्या, जाडजूड बाईचा वाटला. "चार दिन नहीं है. बंद ही नहीं होता. डेढ़ साल से बंद ही नहीं होता. थोडे दिन सूखा रहता, फिर चालू. गांठ गिरते खून के, कलेजी जैसे. और इधर," तिने सगळ्यांसमोर पोटावर मूठ ठेवली, "इधर कुछ कड़क है." स्टुलावरची बाई टक लावून पाहत होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या थकलेल्या होत्या, डोळ्यांखाली काळं होतं. बाहेर अजून वीस जणी होत्या. त्यांना राग आला, तो खरा होता. 'तो पहले क्यों नहीं बोला? मैंने पूछा था ना?' "आपने मेरे को नहीं पूछा," कांता म्हणाली, "आपने परदे को पूछा."

देवराव मागे येऊन उभा होता, बाटली छातीशी. त्याने सगळं ऐकलं होतं. "कांता, काय बोलून राहिली तू? डोकं फिरलं काय?" तो खालच्या आवाजात म्हणाला. आणि मग तिने पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी गोळा होत होतं. तो हिशोब करत होता. दीड वर्ष मागे जात होता, यार्डात चुकलेली वॅगन कोणत्या लायनीवर गेली ते शोधावं तसा. ती थांबली. तिला खरंच वाटलं, आता हा विचारेल. दुखते काय, विचारेल. सांगतलं कावून नाई, विचारेल. निदान हात पुढे करेल. सतरा वर्षांचा संसार होता. "म्हंजे... महालक्ष्म्यायच्या टायमाले?" तो म्हणाला. "तो सैपाक कोनं केला होता मंग?"

कांताने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत सरळ डोळ्यांत पाहण्याची वेळ बहुतेक पहिलीच.

"मीनंच केला," ती म्हणाली. "दोनी वर्षं. तुमीनं तीनदा आंबील मागून घेतली."

डॉक्टरीणबाईंना शब्द कळले नसतील, पण त्या उठल्या. स्टुलावरच्या बाईला त्यांनी थोडं थांबायला सांगितलं, आणि देवरावला म्हणाल्या, 'आप बाहर बैठिए.' 'लेकिन डॉक्टरसाब, मैं इसका—' 'बाहर.' तो गेला. दार लोटताना कांताला दिसला, बाकावर, त्याच जागी, मांडीवर बाटली धरून, बायांच्या रांगेत एकटा पुरुष. मग टेबल, थंडगार रेक्झिन, सिस्टरचे हातमोजे, छताला लटकलेला पंखा. दुखलं. तिने दात आवळले नाहीत, ती ओरडली, आणि ओरडल्यावर बरं वाटलं. बाईंचा हात पोटावर वरून दाबत थांबला, पुन्हा दाबून थांबला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. सिस्टरशी त्या इंग्रजीत बोलल्या. दोन-तीन वाक्यं, भराभर. कांताच्या पोटातली गोष्ट त्या दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींना देत-घेत होत्या. मग बाईंनी हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि मऊपणाने, अगदी खरोखरच्या मऊपणाने म्हणाल्या, 'कपड़े ठीक कर लो. घबराना मत. मैं तुम्हारे आदमी को बुलाकर सब समझा देती हूँ.'

त्या दाराकडे निघाल्या. कांता टेबलावरून उतरली, लुगडं अर्धवट गुंडाळलेलं. तिने बाईंच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. असं कोणी डॉक्टरला धरत नाही, हे तिला माहीत होतं.

"उसको नहीं," ती म्हणाली. "पेट मेरा है. मेरे को समझाओ. मर गई तो मैं मरूँगी, जिई तो घर में जाके मेरे को मेरी बेटी को बताना है. एक थैला वहाँ दोरी पे सूख रहा है उसका." थैल्याचं बाईंना काय कळणार होतं? पण त्या थांबल्या. बाही त्यांनी सोडवून घेतली नाही. मग म्हणाल्या, 'बैठो.' आणि यावेळी त्या स्वतःही समोर बसल्या, पडद्याकडे पाठ करून.

त्यांनी कोरा कागद ओढला. पेनाने दोन वाकड्या रेघा काढल्या, कंबर झाली. मध्ये एक उलटा पेरू. 'ये बच्चेदानी है. यहीं से खून आता है. और ये देखो,' पेरूच्या अंगाला त्यांनी एक गोळा काढला, तो गिरवून गिरवून काळा केला, 'ये गाँठ है. ये जो हाथ को कड़क लगता है ना, वही. ऐसी गाँठें बहुत औरतों को होती हैं. किसी पाप से नहीं, किसी की नज़र से नहीं. इसका ऑपरेशन होता है. पहले तुमको खून चढ़ाना पड़ेगा, फिर—'

कांता कागदाकडे पाहत होती. कंबर, पेरू, काळा गोळा. दोन्ही रेघा वर जाऊन हवेत सुटल्या होत्या. तिने बोट त्या सुटलेल्या जागेवर ठेवलं.

"पहले सिर बनाओ," ती म्हणाली.

'क्या?'

"इसको सिर नहीं है. पहले सिर बनाओ, फिर बोलो. मैं सुन रही हूँ."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. पेन वर नेलं आणि रेघांच्या वर एक गोल काढला. कांताने बोट उचललं नाही, म्हणून त्यात त्यांनी डोळेही काढले.